परदेशी सून, शाळेची नोकरी आणि पगाराची बोलणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी वहिनी चेक आहे. हे वाक्य आमच्या अकाउंट्सच्या खोलीत पहिल्यांदा बोलले तेव्हा शेजारच्या टेबलावरून लगेच प्रश्न आला, "क्रॉस का बेअरर?" तर ती चेक प्रजासत्ताकातली. भाऊ शेंद्र्याच्या एका गाड्यांच्या कारखान्यातून ट्रेनिंगला तिकडे गेला आणि लग्न ठरवूनच परत आला. मी छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी शाळेत चौदा वर्षं पगारपत्रकं केली. त्यामुळे वहिनी नोकरीच्या बोलणीला बसली तेव्हा शाळा कुठे हात आखडते आणि कुठे सैल सोडते, ते मला आतून ठाऊक होतं. आता लातूर, नांदेड, जालन्याहून कुणाचा ना कुणाचा फोन येतो: भावानं तिकडची बायको केलीय, मेहुणीचा नवरा फ्रेंच आहे, शाळेत घ्यायलेत, काय मागावं? त्या फोनवरचेच हे प्रश्न.

"स्वतःचं घर आहे, नवरा कमावतो, मग सवलती कशाला?" असं संस्थाचालक म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न पहिला घेतला, कारण बोलणी इथेच हरली किंवा जिंकली जातात.

शाळेला बाहेरून परदेशी शिक्षक आणायचा झाला तर काय काय करावं लागतं ते आधी बघा. एजंटाचं कमिशन, व्हिसाची कागदपत्रं, येण्याजाण्याचं विमान, फर्निचरसकट फ्लॅट. शिवाय एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला किमान १६.२५ लाख पगाराची अट आहे. इंग्रजी सोडून दुसरी भाषा शिकवणाऱ्यांना तिच्यातून सूट आहे, इंग्रजीच्या शिक्षकाला नाही. आता तुमच्या घरची सून किंवा जावई बघा. व्हिसा लग्नामुळे मिळालेला. घर सासऱ्यांनी बांधलेलं. भाजी कुठे मिळते, रिक्षा कितीला येते, हे नवऱ्यानं शिकवलेलं. पहिल्या उन्हाळ्यात घाबरून परत पळून जाण्याची भीतीही नाही. हा सगळा खर्च शाळेचा वाचला आणि तो वाचवला तुमच्या कुटुंबानं.

म्हणून "मी परदेशी आहे, मला जास्त द्या" असं म्हणू नका. ते कानाला बरं लागत नाही, आणि शेजारच्या वर्गातल्या कुलकर्णीबाईंनी काय पाप केलंय? म्हणायचं असं: "सर, बाहेरून माणूस आणला असता तर तुमचे एवढे गेले असते. ते वाचले. त्यातलं थोडं माझ्याकडे येऊ द्या." आम्ही वहीच्या पानावर रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे शाळेचं काय वाचतं, उजवीकडे त्यातलं आम्ही काय मागतो. डावीकडे नऊ ओळी झाल्या, उजवीकडे चार. संस्थाचालकांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि हसले. पान मात्र परत दिलं नाही. तेव्हाच वाटलं, काम होणार.

लग्न झालंय, एक्स व्हिसा आहे. लगेच शिकवायला जाता येईल का?

नाही. एक्स व्हिसा इथे राहण्यासाठी असतो, नोकरीसाठी नाही. "तोपर्यंत स्पोकन इंग्लिशचे तास घ्या, मानधन पाकिटात देऊ, व्हाउचरवर सही करा" असं आमच्या वहिनीलाही एका शाळेनं सुचवलं होतं. मी तिला सही करू दिली नाही. पकडली गेली तर शाळेला दंडावर निभावता येईल, पण हिचं इथलं राहणंच अडचणीत यायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झालाय, त्यात जुने चार कायदे विलीन झाले. "चालतंय हो, कोण बघतंय" हे वाक्य विसरून जा.

मग ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवून भारतात कायम राहायची मुभा) कधी मिळतं?

लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाच्या दिवशी लग्नाला सलग दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत. भारतात अर्ज केला तर फी १५,००० रुपये. सुरक्षा तपासणी होते, मुलाखतीला बोलावतात. अर्जदार, किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा यांतलं कुणी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल किंवा होतं, तर ओसीआय मिळत नाही. कार्ड हातात आलं की खासगी शाळेत वेगळ्या परवानगीशिवाय नोकरी करता येते. नोकरी किंवा कायमचा पत्ता बदलला की परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ई-मेलनं कळवायचं असतं. दहा मिनिटांचं काम असल्यामुळेच बहुतेक जण ते विसरतात.

ओसीआय आलं म्हणजे पगाराची ताकद वाढली ना?

उलट. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. एम्प्लॉयमेंट व्हिसा असतो तोवर १६.२५ लाखांचा आकडा तुमच्या बाजूनं उभा असतो, त्याखाली शाळेला जाताच येत नाही. ओसीआय आलं की तो तळ निघून जातो. शाळा तुम्हाला बावीस हजारांवरही घेऊ शकते, आणि घेतातही. वहिनीला पहिला आकडा सांगितला होता पंचवीस हजार. वर, "आता तुमी आमच्याच गावच्या झालात की, परदेशी कुठं राहिलात?"

आणि त्याच महिन्यात शाळेच्या फ्लेक्सवर लिहिलेलं, "फॉरेन फॅकल्टी उपलब्ध." फ्लेक्सवर परदेशी आणि पगारपत्रकावर गावची, असा हा हिशेब. त्यामुळे ओसीआय आल्यावर तळ आपणच ठरवायचा. त्याच शाळेत त्याच इयत्तांना शिकवणाऱ्या, तेवढ्याच अनुभवाच्या शिक्षकाला किती मिळतं ते शोधून काढा. स्टाफरूममध्ये दोन चहात कळतं. त्याच्या खाली जायचं नाही. त्याच्या वर काय मागायचं ते आधीच्या दोन रकान्यांतून काढायचं.

शाळा म्हणते, नोकरीवर नको, "कन्सल्टंट" म्हणून या, हातात जास्त पडतील. घ्यावं का?

चौदा वर्षांत असे करार मीच टाइप केलेत, म्हणून स्पष्ट बोलते: टाळा. कन्सल्टंट म्हणजे १० टक्के टीडीएस कापून बिलावर पैसे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही, बाळंतपणाची रजा नाही, मे महिना कोरडा. हजेरी मात्र सकाळी साडेसातची, मस्टरवर सही, गॅदरिंगला थांबायचं, पालकसभेला रविवारी यायचं. कामाला नोकर आणि कागदावर पाहुणा. हातात पडणारे चार हजार जास्त असतात, ते खरं. पण वर्षाचा हिशेब मांडला की ते दिवाळीपर्यंतच टिकतात.

पीएफचं नेमकं काय? परदेशी माणसाला लागू होतो का?

होतो, आणि आपल्यापेक्षा कडक होतो. परदेशी पासपोर्टवर भारतात नोकरी करणारा माणूस पीएफच्या भाषेत "इंटरनॅशनल वर्कर". ऑक्टोबर २००८ पासून त्याचे वेगळे नियम आहेत. ओसीआय कार्ड असलं तरी पासपोर्ट परदेशीच, म्हणून तोही त्यातच येतो. भारतीय शिक्षकासाठी शाळा १५,००० च्या मर्यादेवर पीएफ भरून मोकळी होऊ शकते. इंटरनॅशनल वर्करला ती मर्यादा नाही, पूर्ण पगारावर १२ टक्के भरायचे.

आकडे घालून बघू. एकूण पगार ६०,०००, त्यात पीएफला धरला जाणारा मूळ पगार ४०,०००. भारतीय सहकाऱ्यासाठी शाळा १,८०० भरते. वहिनीसाठी ४,८००. महिन्याला ३,००० चा फरक, वर्षाला ३६,०००. शाळेचा अकाउंटंट हुशार असेल तर तो हे ३६,००० हळूच सीटीसीत (तुमच्यावर होणारा शाळेचा वर्षाचा एकूण खर्च) घालतो. म्हणजे शाळेचा वाटाही तुमच्याच पगारातून जातो आणि ऑफर लेटरवरचा आकडा मोठा दिसतो. मी घातलेत, म्हणून सांगते. बोलणी करताना आकडा नेहमी "पीएफमधला शाळेचा वाटा सोडून" असा विचारा. हे एक वाक्य पाठ करून जा.

दुसरा मुद्दा पैसे काढण्याचा. इंटरनॅशनल वर्करला साधारणपणे वयाच्या ५८ पर्यंत रक्कम काढता येत नाही. ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे तिथल्या माणसाला नोकरी सुटल्यावर काढता येते. चेक प्रजासत्ताक, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांच्याशी करार आहे. अमेरिकेशी नाही. म्हणून अमेरिकी जावयासाठी पीएफ ही लांबची ठेव, चेक सुनेसाठी तेवढी नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना पीएफमध्ये भारतीयच धरतात.

हे नियम कोर्टात गेलेले आहेत. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं इंटरनॅशनल वर्करची तरतूद घटनाबाह्य ठरवली. गंमत म्हणजे त्यातली एक याचिका बंगळूरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या संस्थेचीच होती. पुढे दिल्ली उच्च न्यायालयानं तीच तरतूद वैध ठरवली. तेव्हा "आता परदेशी लोकांना पीएफ बंद झालाय" असं कुणी शाळेत सांगितलं तर ते अर्धंच सांगतायत असं समजा.

माझं मत विचाराल तर, इथेच संसार करायचा असेल तर पूर्ण पगारावरचा पीएफ हा फायदाच आहे. शाळेला तो बोजा वाटतो म्हणून आपणही तोंड वाकडं करायचं कारण नाही.

करार जून ते एप्रिलचा आहे. चालेल का?

मराठवाड्यात या एका ओळीनं जेवढे पैसे जातात तेवढे दुसऱ्या कशानं जात नसतील. दहा किंवा अकरा महिन्यांचा करार म्हणजे मे महिन्याचा पगार गेला, आणि दरवर्षी जूनला नवीन नेमणूक. पाच वर्षं झाल्यावर ग्रॅच्युइटी मागायला गेलात की "तुमची सेवा सलग कुठाय?" असं म्हणायला शाळेला जागा राहते.

शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, यात शंका नको. २००९ च्या दुरुस्तीनं ती १९९७ पासून मागे जाऊन लागू केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम केली. खासगी शाळाही त्यात आल्या. हिशेब सोपा: मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. ४०,००० वर पाच वर्षांचे सुमारे १,१५,००० होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त गेले तर वरचा भाग वेतनातच धरतात. म्हणजे मूळ पगार दहा हजार आणि "विशेष भत्ता" पन्नास हजार, हा जुना खेळ आता तितका चालत नाही.

म्हणून बारा महिन्यांचा करार मागा. पगार वर्षाचा ठरवा आणि बारा हप्त्यांत घ्या. शाळा अडली तर महिन्याचा आकडा थोडा कमी करून घ्या, पण मे महिना सोडू नका.

माहेरी जायला विमानाचं तिकीट मागावं का?

मागून बघा, पण मी त्यासाठी भांडणार नाही. परदेशाचं तिकीट दिलं तरी ते पगारात धरून त्यावर कर लागतो. एलटीएची (रजेतल्या प्रवासाच्या भत्त्याची) करसवलत भारतातल्या प्रवासालाच आहे, तीही जुन्या कररचनेत. त्यापेक्षा सुट्टी मागा. शाळेला सुट्टीचा रोख खर्च येत नाही, म्हणून ती लवकर सुटते.

वहिनीचं उदाहरण सांगते. चेक लोकांचा नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. ताटात मासा, सोबत बटाट्याचं सॅलड. मासा कार्प लागतो. आमच्याकडे ती नाथसागरातला कटला आणते, तोही कार्पच्याच कुळातला. पण आपल्या शाळांना सुट्टी २५ ला, आणि २४ ला हमखास गॅदरिंगची रंगीत तालीम. पहिल्या वर्षी ती सांताची टोपी घालून पोरांना नाचवत होती आणि तिची आई व्हिडिओ कॉलवर वाट बघत होती. दुसऱ्या वर्षी करारात ओळ घातली: डिसेंबरात सलग आठ दिवस पगारी रजा, बदल्यात दिवाळीच्या सुट्टीतला जादा वर्ग ती घेईल. शाळा आनंदानं तयार झाली, कारण दिवाळीत वर्गाला कुणीच थांबत नाही.

आणखी एक ओळ घाला: परदेशातल्या आईवडिलांच्या आजारपणात किंवा मृत्यूनंतर किती दिवस, आणि त्यातले पगारी किती. ही वेळ आल्यावर मागायची गोष्ट नाही. लातूर-धाराशिवकडे असाल तर येळवसेची (वेळा अमावस्येची) सुट्टीही लिहून घ्या. शाळा बंद असली तरी काही ठिकाणी स्टाफला बोलावतात, आणि सासरचं अख्खं गाव त्या दिवशी शेतात जेवायला बसलेलं असतं.

घरभाडं भत्ता मिळेल का?

सासरी राहता म्हटल्यावर शाळा नाहीच म्हणणार. माझ्या मते त्याऐवजी पाणी बघा. संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं आणि उन्हाळ्यात टँकरवर घर चालतं. शाळेच्या आवारात स्टाफ क्वार्टर असेल, बोअरला पाणी असेल आणि जनरेटर असेल, तर ते क्वार्टर भत्त्यापेक्षा भारी. सासूबाई रुसतील, तो हिशेब तुमचा तुम्ही करा.

मुलांची फी माफ होईल?

ही मागणी सगळ्यात लवकर मान्य होते, आणि रकमेनं सगळ्यात मोठी असते. वर्गात एक बाक वाढल्यानं शाळेचं काही बिघडत नाही. "फी माफ" एवढंच लिहू नका. ट्यूशन फी, टर्म फी, बस, पुस्तकं, गणवेश, सहल, यातलं काय काय ते नावानिशी लिहा. दुसऱ्या मुलाचंही लिहा. आणि नोकरी अर्ध्या वर्षात सुटली तर पोराचं ते वर्ष पूर्ण होईपर्यंत माफी राहील, हेही. ठरावीक रकमेच्या वर गेली की ही माफी करपात्र धरतात, तेवढं सीएला विचारून ठेवा.

मेडिक्लेम आणि बाळंतपण?

ग्रुप मेडिक्लेम असेल तर रक्कम नंतर, आधी कॅशलेस रुग्णालयांची यादी मागा. नांदेडच्या माणसाला पुण्या-मुंबईचीच रुग्णालयं असलेली पॉलिसी काय कामाची? तिकडच्या आईवडिलांना इथली पॉलिसी चालत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हट्ट नको. सासूसासऱ्यांना घालता येतं का ते मात्र विचारा.

बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. पासपोर्ट कोणत्या देशाचा, याचा संबंध नाही. "आपल्याकडे तीनच महिने देतात" असं सांगणारी मुख्याध्यापिका भेटली तर वाद घालू नका, लेखी अर्ज द्या.

संस्थाचालक माझ्याशी बोलतच नाहीत, नवऱ्याशीच बोलतात. काय करू?

सगळ्यांकडे हेच. आमच्याकडे अण्णा (म्हणजे संस्थाचालक, गावाकडून नात्यातच येतात) भावाला म्हणाले, "तूच सांग बाबा, किती द्यायचे तुझ्या बायकोला." भाऊ लाजून म्हणाला, "तुम्ही द्याल ते, अण्णा." घरी आल्यावर काय झालं ते लिहीत नाही.

नंतर आम्ही असं ठरवलं: भाऊ सोबत जाईल, नमस्कार-चमत्कार करील, चहा घेईल आणि गप्प बसेल. आकडा वहिनीच बोलेल, आणि मराठीत बोलेल. तिनं पाच वाक्यं पाठ केली होती. "अण्णा, तुम्ही मला घरची म्हणता, म्हणून मोकळेपणानं बोलते" हे पहिलं. इथे अण्णांनी खुर्चीत मागे रेलून भावाकडे पाहिलं, भावानं कपाकडे. शेवटचं वाक्य होतं, "हे सगळं लेखी द्याल का?" मोडकंतोडकं मराठी इथे कामाला येतं. तिच्याशी जोरात बोलायला लोक कचरतात.

पगार स्वतःच्या नावाच्या खात्यातच घ्या. नवऱ्याच्या किंवा जोडखात्यात नको. आणि खात्यात जमा करून त्यातले काही "परत रोखीनं आणून द्या" म्हणणारी शाळा असेल तर तिथून उठा.

फ्लेक्सवर फोटो लावतात, त्याचं काय?

लावू द्या, पण फुकट नको. प्रवेशाच्या हंगामात जालना रोडवरून चक्कर मारा, कळेल की परदेशी चेहऱ्याची किंमत शाळेला तुमच्याहून चांगली ठाऊक आहे. वहिनीची स्वतःची भाषा इंग्रजी नाही, ती शाळेत शिकून आलीय, पण फ्लेक्सला त्याचं काय! करारात लिहा: फोटो कुठे, किती काळ, नोकरी सोडल्यावर काढणार की नाही. "फोटो वापरता तर पोरांची बसफी सोडा" असा सौदा आम्ही केला.

सून गोरी नाही, फिलिपिन्सची किंवा आफ्रिकेतली आहे. तिलाही हेच लागू का?

कायद्यानं सगळं हेच. बोलणीत मात्र तसं होत नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या फिलिपिनो बाईला "असिस्टंट टीचर" आणि अडखळत बोलणाऱ्या युरोपियनला "हेड ऑफ इंग्लिश" हे मी पगारपत्रकावर पाहिलंय. तिथे फ्लेक्सचा मुद्दा चालत नाही. डेमो लेसन मागून घ्या, पालकांसमोर द्या, आणि आकडा त्यानंतरच बोला.

टॅक्स किती कापतात?

परदेशी पासपोर्ट दिसला की काही अकाउंटंट सरळ ३० टक्के कापतात. चूक आहे. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस करापुरता रहिवासी, त्याला आपल्यासारखेच स्लॅब. २०२५-२६ साठी नव्या रचनेत रहिवाशाला १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, पगारदाराला ७५,००० ची वजावट वेगळी. पॅन आधी काढून घ्या, नसलं तर कपात जास्त होते. व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर तोही नाही.

जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत?

ओसीआयवर सरकारी नोकरीचा हक्क नाही. अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून, टीईटी आणि अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. व्यवहारात खासगी विनाअनुदानित शाळाच उरतात. तिथेही पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि बी.एड.चा प्रश्न निघतोच. तो "पात्रता नाही म्हणून पगार कमी" असा वापरला जातो. परदेशी पदवीची समकक्षता आधीच काढून ठेवा.

मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणतात.

दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत आणा. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड तर कुणाच्याच कपाटात ठेवायचं नाही. तिकडून नवीन पदवीपत्र मागवून अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) करून घ्यायला किती महिने जातात ते एकदा भोगलंय.

उद्या घटस्फोट झाला तर?

कोर्टानं लग्न मोडलं की त्या आधारावरचं ओसीआय रद्द होऊ शकतं, आणि नोकरीचा पायाच जातो. अशुभ बोलू नये म्हणतात, पण करारात नोटिशीचा काळ निदान तीन महिन्यांचा ठेवा, दोन्ही बाजूंनी सारखा. लग्नाच्या आधारावर भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर त्याआधी सात वर्षांचं भारतातलं वास्तव्य लागतं, आणि मूळ नागरिकत्वावर पाणी सोडावं लागतं.

बोलायला कधी जावं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा पुढच्या वर्षाची माणसं शोधत असते, तेव्हा. त्याहून चांगली वेळ म्हणजे दिवाळीनंतर एखादी शिक्षिका मध्येच सोडून गेली की. पालकांचे फोन सुरू झालेले असतात आणि अण्णांना झोप नसते.

तुमच्या वहिनीला शेवटी काय मिळालं?

पंचवीस हजारांवरून सुरुवात झाली, ठरला तो आकडा वहिनीनं लिहू नको म्हणून सांगितलंय. बारा महिन्यांचा करार मिळाला. पीएफ पूर्ण पगारावर, शाळेचा वाटा वेगळा. पोरीची ट्यूशन फी आणि बस माफ, सहल नाही. डिसेंबरचे आठ दिवस मिळाले. तिकीट नाही, घरभाडं नाही. मेडिक्लेममध्ये सासूसासरे घातले, हप्ता अर्धा शाळेचा, अर्धा आमचा. दोन वर्षांनी तिनं ती शाळा सोडली, दुसरी धरली. करारात फोटो काढायची मुदत तीस दिवस लिहिली होती. परवा जालना रोडनं येताना पाहिलं, तिचा फ्लेक्स अजून लटकतोय, ऊन खाऊन निळा पडलेला.